चेहरा आधी, नाव मागाहून

गेल्या वर्षी आमच्या वधू-वर परिचय मंडळाने स्मरणिका काढली. मंडळाचे माजी चिटणीस मुरलीधरआबा यांनी तिच्यात मंडळाच्या वेबसाइटविषयी एक परिच्छेद लिहिला आहे. त्यातील एक वाक्य असे : "प्रारंभीच्या काळात ऑपरेटरच्या अथवा अन्य कुणाच्या हातून छायाचित्रांची अदलाबदल होऊन एका स्थळाबाबत गैरसमज झाला, परंतु मंडळाने तो सामोपचाराने मिटवला." या एका वाक्यात आबांनी चार चुका केल्या आहेत. मी ऑपरेटर नव्हतो; ते पान मी स्वतः रचले होते. छायाचित्रांची अदलाबदल झाली नव्हती. जे झाले त्याला गैरसमज म्हणत नाहीत. आणि मंडळाने काहीही मिटवलेले नाही. तरीही माझे खरे भांडण या चारांशी नसून 'अथवा अन्य कुणाच्या' या तीन शब्दांशी आहे. ते का, हे पुढे येईल.

या प्रकरणाची दुसरी हकीकत माझे जावई सांगतात. ते पुण्याला संगणकाच्या कंपनीत असतात आणि लग्नसमारंभात चार माणसे जमली की, "नानांच्या वेबसाइटमध्ये मोठा घोळ होता, मी पुण्यातून फोनवर दुरुस्त करून दिला," असे हसत हसत सांगतात. जावयाला सर्वांसमक्ष खोटे पाडण्याची आपल्याकडे रीत नाही, म्हणून मी आजवर मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावून गप्प बसलो. लेखात मात्र तशी अडचण नाही. तिसरी हकीकत धुळे शहरात पसरली होती. ती सर्वांत वाईट. तिच्यात एका मुलीच्या घरच्यांना लबाड ठरवले होते. या तिन्ही हकीकती चुकीच्या आहेत. खरी हकीकत मला ठाऊक आहे, आणि ती मला अधिक कमीपणा आणणारी आहे. म्हणूनच ती दुसऱ्या कुणी सांगावी हे मला मान्य नाही.

आधी माझ्या धंद्याविषयी. मी मूळचा छापखान्यातला माणूस. जळगावात खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात मी हात काळे केले. तेव्हा मजकूर म्हणजे शिशाचे खिळे आणि चित्र म्हणजे लाकडावर ठोकलेला जस्ताचा ब्लॉक. दोन्ही एका लोखंडी चौकटीत मांडायचे, कडेने पाचरी घालायच्या आणि किल्लीने आवळायचे. एकदा आवळले की चौकट उभी धरून हलवली तरी एक टिंब खाली पडता कामा नये. लग्नाच्या पुस्तिकेत मुलाच्या फोटोखाली त्याचेच नाव राहील याची खात्री त्या किल्लीच्या पिळात होती. फोटो आणि नाव एकत्र जन्मत, एकत्र छापले जात आणि एकत्रच रद्दीत जात. ही सवय माझ्या हाडात किती मुरली होती, हे मला फार उशिरा समजले.

पुढे खिळे गेले, संगणक आला आणि आमच्या वयाचे बहुतेक कारागीर घरी बसले. मी बसलो नाही. पन्नाशी उलटल्यावर वेबसाइट रचायला शिकलो. शिकवणी लावली नाही. दुसऱ्यांची पाने उघडून, ती कशी बांधली आहेत हे आतून पाहत पाहत शिकलो. त्या उद्योगातील सर्वांत मोठे कुतूहल मला बटणाचे वाटे. पानावर एक चित्र आहे, खाली एक बटण आहे. बटण दाबले की त्याच जागी दुसरे चित्र. छापलेल्या कागदावर ही गोष्ट कधीच होणार नव्हती. पहिल्यांदा मला ती जमली तेव्हा मी बायकोला दुकानात बोलावून दाखवली. तिने चार वेळा बटण दाबले आणि, "बरं आहे, पण वारंवार दाबून झिजणार तर नाही ना?" असे विचारले.

बाहेरच्या माणसाला ही करामत वाटते. प्रत्यक्षात ती अगदी साधी आहे. पानावर चित्र नसतेच मुळी. तिथे एक रिकामी चौकट असते आणि चौकटीला एक पत्ता दिलेला असतो : अमुक ठिकाणचे चित्र आणून येथे लाव. बटण दाबले की मी लिहिलेली एक ओळ तो पत्ता खोडून दुसरा लिहिते. बाकीचे काम वाचणाऱ्याचा संगणक करतो. तो नव्या पत्त्यावर जातो, चित्र घेऊन येतो आणि चौकटीत बसवतो. इतकेच.

या बटणांपायी माझ्या दुकानात नाना प्रकारची माणसे आली. एका भांडेवाल्याला बटण दाबल्यावर चित्रासोबत भांडे वाजल्याचा आवाज हवा होता. त्यासाठी तो खरा हंडा आणि पळी घेऊन आला, आणि योग्य नाद मिळेपर्यंत शेजारच्या दाताच्या डॉक्टरांनी तीनदा माणूस पाठवला. रावेरकडच्या एका केळीच्या व्यापाऱ्याला हिरवे, पिवळे आणि ठिपके पडलेले केळ अशी तीन बटणे हवी होती. बटणाचा पिवळा आणि केळाचा पिवळा जुळेना म्हणून तो रोज खिशात एक ताजे केळ घेऊन येई, पडद्याला लावून पाही आणि जाताना ते खाऊन जाई.

पण माझ्या लक्षात राहिले ते रफिकभाई. त्यांचा लोखंडी कपाटे बनवण्याचा कारखाना. कपाट एकच, रंग सहा. म्हणून सहा बटणे. पान तयार झाल्यावर ते समोर बसले आणि निळे, हिरवे, निळे, हिरवे असे कितीतरी वेळ दाबत राहिले.

"नाना, एक बात बताओ. हिरवं कपाट आलं, ठीक. पण निळं गेलं किधर?"

"जाणार कुठे? गेले."

"ऐसे कैसे गेलं? माझ्या दुकानात जुनं हलवल्याशिवाय नवं ठेवायला जागा नसते. तुमच्या इथं आधी जुनं उचलतात, का नवं येईपर्यंत तिथंच उभं ठेवतात?"

"रफिकभाई, आपण कपाटे विका."

"बेचता हूँ, बेचता हूँ," ते उठता उठता हसले. "लेकिन सोचो जरूर."

मी विचार केला नाही. कपाटे विकणारा मला माझा धंदा शिकवणार काय, असे मनात म्हणून मी तो प्रश्न सोडून दिला. तो प्रश्न तेव्हाच सोडवला असता तर पुढचे काहीही घडले नसते.

त्यानंतर मंडळाचे काम आले. आमच्या समाजात दरवर्षी परिचय मेळावा भरतो आणि मुलामुलींच्या माहितीची पुस्तिका निघते. ती पुस्तिका आम्हीच छापत असू. मंडळाने वेबसाइट काढायचे ठरवले तेव्हा ते काम साहजिकच माझ्याकडे आले. मी एका वेळी एकच स्थळ दिसेल असे पान रचले. वर मोठा फोटो. खाली नाव, गाव, शिक्षण, नोकरी आणि घरचा फोन. सर्वांत खाली दोन बटणे, 'मागील' आणि 'पुढील'. फोटो मी छपाईच्या दर्जाचे घातले, कारण पुसट फोटो माझ्या हातून कधी बाहेर पडलेला नाही. मेळाव्यात मोठ्या पडद्यावर आबांनी 'पुढील' दाबले, चेहरा बदलला, नाव बदलले, आणि सभागृहात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचे श्रेय आबा आपल्या परिच्छेदात मंडळाला देतात. तेही त्यांना लखलाभ.

महिना झाला असेल. धुळ्याच्या देवपूर भागातील सुमनअक्का आपल्या पाटबंधारे खात्यात नोकरी करणाऱ्या मुलाला आणि दोन नातेवाइकांना घेऊन भडगावला एक मुलगी पाहायला गेल्या. मुलीचे नाव मनीषा. ती जळगावात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. (तिचे खरे नाव मी तिच्या संमतीने घालत आहे, खरे तर, "नाव घालाच," असे तिने मला बजावले आहे.) पाहुणे बसले, पाणी झाले, मुलगी बाहेर आली. अक्कांनी तिच्याकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि सर्वांसमक्ष म्हणाल्या, "हाई ती पोर नही शे."

अक्का ठाम होत्या. मंडळाच्या वेबसाइटवर त्यांनी जी मुलगी पाहिली होती, जिच्या फोटोखाली 'मनीषा, भडगाव' असे नाव वाचून फोन केला होता, ती ही नव्हे. ती दुसरीच, पिवळ्या ओढणीची. चहा तसाच राहिला आणि पाहुणे गाडीत बसून परत गेले. मनीषाच्या अंगणातून पाहुणे असे जाताना अख्ख्या गल्लीने पाहिले.

दुसऱ्याच दिवशी मनीषाचे काका माझ्या दुकानात आले. ते रागावले असते तर मी सहज उत्तर दिले असते. ते फक्त एवढेच म्हणाले, "नाना, आम्हनी पोरनं काय चुकनं?"

मी त्यांना संगणकासमोर बसवले. तिचे पान उघडले. फोटो तिचा, नाव तिचे, गाव तिचे. मागे गेलो, पुढे आलो, दहा वेळा. प्रत्येक वेळी बरोबर. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतील एक मुलगी यादीत तिच्या आधी होती; तिच्या फोटोत पिवळी ओढणी होती, हे मी पाहिले. पण तिच्या खाली तिचेच नाव होते. "माझ्या बाजूने काहीही चुकलेले नाही," असे मी त्यांना सांगितले आणि मला ते सांगताना बरे वाटले.

मंडळाने सभा बोलावली. आबा समजुतीच्या सुरात म्हणाले, "नाना, झालं असेल हातून. माणूसच आहोत आपण."

"माझ्या हातून काय झाले ते आधी दाखवा, आबा. मग झाले म्हणा."

मी सर्व पाने छापून नेली होती. ती सभेत फिरवली. मूळ अर्जाला चिकटवलेला फोटो, त्यावरचा क्रमांक, वेबसाइटवरचा क्रमांक. सर्व जुळत होते. एकालाही चूक काढता आली नाही.

"मग धुळ्याच्या अक्का काय खोटं बोलतायत?" मागून कुणीतरी विचारले.

"खोटे बोलतात असे मी म्हणत नाही," मी उत्तर दिले. "चष्मा लावत नसाव्यात, इतकेच."

सभा हसली. मी जिंकलो. माझे पान निर्दोष असल्याचे इतिवृत्तात नोंदवून घ्या, असा आग्रहही मी धरला आणि तशी नोंद झाली.

आठवड्याच्या आत धुळ्यात, आणि तिथून भडगावपर्यंत, नवी हकीकत पोहोचली. पान बरोबर आहे. अक्कांनी तर डोळ्यांनी दुसरी मुलगी पाहिली. म्हणजे मनीषाच्या घरच्यांनी आधी एका देखण्या मुलीचा फोटो दिला असणार आणि बोभाटा झाल्यावर गुपचूप बदलून घेतला असणार. तिचे काका माझ्या दुकानात येऊन गेले होते, हाच त्याचा पुरावा.

मला हे मनीषाकडूनच कळले. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती दुकानात आली. खांद्याला पिशवी, पिशवीत घडी केलेला पांढरा कोट.

"नाना, मी मनीषा. भडगावची."

"बस पोरी."

"बसत नाही, वेळ कमी आहे. तुमचं पान बरोबर आहे असं तुम्ही सभेत सिद्ध केलंत म्हणे."

"केले."

"आणि अक्का म्हणतात, मी दुसरीच मुलगी पाहिली. बाई काही मुद्दाम धुळ्याहून गाडी करून खोटं बोलायला येणार नाही. त्याही बरोबर, तुम्हीही बरोबर. मग मधे कोण उरतं, नाना? मी उरते."

उत्तर नसले की मला राग येतो, हे माझ्या घरचे जाणतात. मी आवाज चढवून म्हणालो, "मी आयुष्यभर छपाई केली आहे. एका नावाखाली दुसऱ्याचा चेहरा माझ्या हातून कधी गेलेला नाही."

ती शांतपणे म्हणाली, "आमच्या लॅबमध्ये असा घोळ झाला की कुणाचं चुकलं हे आम्ही आधी विचारत नाही. कुठे चुकलं ते विचारतो. रक्त घेताना, चिठ्ठी लावताना, की मशिनमध्ये ठेवताना. तुमच्याकडे चिठ्ठी कधी लागते?"

"कसली चिठ्ठी?"

"नाव हो. बटण दाबल्यावर नाव आधी बदलतं की फोटो?"

"दोन्ही एकाच वेळी."

"एकाच वेळी काहीच होत नाही, नाना. नव्या मुलींना आम्ही पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो. रिकाम्या बाटल्यांवर आधी नावं लिहून ठेवायची नाहीत. आधी रक्त घ्यायचं, मग पेशंटसमोर, त्यालाच विचारून नाव लिहायचं. नाव आधी लिहिलं की बाटलीत दुसऱ्याचंच रक्त जातं. आणि नाव मात्र छान अक्षरात असतं."

तिने पिशवी सावरली.

"तुम्ही धुळ्याला जाऊन अक्कांच्या फोनवर पाहिलंत का?"

"त्याची काय गरज?"

"म्हणजे तुम्ही फक्त तुमचीच बाटली तपासलीत," असे म्हणून ती निघून गेली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने धुळ्याला निघालो. पश्चात्ताप होऊन निघालो असे कुणी समजू नये. ती मुलगी चुकीची आहे हे सिद्ध करण्यासाठी मी निघालो होतो. एरंडोल, पारोळा मागे पडले तरी मी मनातल्या मनात अक्कांना विचारायचे प्रश्न जुळवत होतो. पण खिडकीशी बसलेल्या माणसाच्या मनात कपाटेही येतात. निळे गेले कुठे? आधी जुने उचलतात, की नवे येईपर्यंत तिथेच उभे ठेवतात?

अक्का ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी कोण हे सांगताच त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले.

"या नाना. चष्मा लाईसन उनात ना?"

सभेतले वाक्य साठ मैलांवर पोहोचले होते. "लावूनच आलो आहे," मी म्हणालो.

"मंग देखा," असे म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला.

मी पान उघडले. नेटवर्कची एकच काडी दिसत होती. बऱ्याच वेळाने भुसावळची मुलगी आली, पिवळी ओढणी, खाली तिचे नाव. मी 'पुढील' दाबले. खालचे नाव तत्क्षणी बदलले : मनीषा. भडगाव. मी निवडलेले सुबक अक्षर, ठसठशीत. आणि वर चौकटीत भुसावळची मुलगी होती तशीच हसत होती.

मी थांबलो. छापखान्यात शाई वाळण्याची वाट पाहताना मोजतो तसे आकडे मोजू लागलो. वीस झाले, तीस झाले. पिवळी ओढणी हलेना.

"हाऊच फोटो," अक्का माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या. "आते सांगा, मन्हा डोया फुटेल शेतस का?"

मी मोजतच होतो. चाळीसच्या पुढे कुठेतरी फोटो एकदम बदलला आणि मनीषा दिसली. अक्कांच्या हातातले तांदूळ सुपात पडले.

"आरे देवा! हाई ते भडगावनी पोर!"

"आपण हिला येथे कधी पाहिले नव्हते?"

"मी इतली वाट कधी देखीच नही. नाव दिसनं, मी फोन करी टाका."

त्या ओट्यावर मला सर्व उमगले. पानावरील सगळा मजकूर पानासोबतच आलेला असतो, कोठीत भरून ठेवलेल्या धान्यासारखा. मागितला की हजर. फोटो मात्र दर वेळी दुरून मागवावा लागतो. मी आधी नाव बदलले आणि मग चौकटीला नवा पत्ता दिला. फोटो वाटेत असेपर्यंत जुना फोटो नव्या नावावर उभा राहिला. रफिकभाईंच्या प्रश्नाचे ते उत्तर होते : नवे कपाट येईपर्यंत जुने तिथेच ठेवतात, आणि चिठ्ठी मात्र नव्याची लावतात. त्यात फोटो छपाईच्या दर्जाचे, म्हणजे वजनाला भारी. नेटवर्क चांगले असले की ते क्षणात येत, एका काडीच्या नेटवर्कवर रांगत येत. माझ्या दुकानात तर एकदा पाहिलेले सर्व फोटो माझ्याच संगणकात साठलेले होते, म्हणून माझ्यापुढे चूक कधी उभीच राहिली नाही. मेळाव्यात पडद्याला जोडलेला संगणकही तोच होता, आणि आधी मी ती सर्व पाने त्यावर दोनदा चाळली होती.

नव्या पोराने ही चूक केली असती असे मला वाटत नाही. फोटो आणि नाव दोन वेगळ्या वाटांनी येतात हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. मी मात्र ते किल्लीने आवळलेले आहेत असे धरून चाललो. ही छापखान्यातल्या माणसाची चूक होती आणि ती माझी होती.

"अक्का," मी म्हणालो, "चष्म्याविषयी मी सभेत जे बोललो ते मागे घेतो."

"आठे नको. सभामा सांगा," त्या म्हणाल्या, आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी खाऊ घातल्याशिवाय त्यांनी मला उठू दिले नाही.

परतल्यावर मी पान पुन्हा रचले. बटण दाबताच जुना चेहरा आणि जुने नाव दोन्ही जायचे. रिकाम्या चौकटीत 'छायाचित्र येत आहे' एवढेच दिसायचे. फोटो पूर्ण आला की मगच खाली नाव उमटायचे. फोटो पोहोचल्याची वर्दी देणारा एक हुकूम असतो, तो मला ठाऊक नव्हता. तो जावईबापूंनी फोनवर सांगितला. त्यांचे श्रेय त्या एका शब्दापुरते आहे आणि तेवढे मी आनंदाने देतो. पण चेहरा आधी आणि नाव मागाहून हा क्रम मनीषाचा आहे. तो ना पुण्याहून आला, ना माझ्या डोक्यातून.

पुढच्या सभेत मी उभा राहिलो. चष्म्याचे वाक्य मागे घेतले आणि चूक कशी झाली हे समजावून सांगू लागलो. नाव, पत्ता, चौकट, नेटवर्क. लोक जांभया देऊ लागले. आबांनी मला बाजूला घेतले.

"नाना, हे कुणाला कळणार? आपण 'फोटोंची अदलाबदल झाली' असं लिहू. सगळ्यांना समजेल, मुलीवरचा डाग जाईल, विषय संपेल."

मी होकार दिला. माझी दुसरी चूक ही, आणि पहिलीपेक्षा मोठी. अदलाबदल म्हणजे हात घसरणे. ते कुणाचेही होते. माझे तसे झाले नव्हते. चूक कळवणाऱ्या बाईला मी आंधळी ठरवले आणि तिच्या घरी जाऊन पाहण्याआधी स्वतःला निर्दोष लिहून घेतले. 'अदलाबदल' या शब्दाखाली ते सर्व झाकले गेले आणि ते झाकले गेल्याचे मला सुख झाले.

अक्कांनी भडगावला फोन करून, "आम्ही पुन्हा येतो, या वेळी रीतसर," असे कळवले होते. घरचे तयार झाले. मनीषाने नकार दिला. काकांनी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "मागच्या वेळी ते मला पाहायला आलेच नव्हते. पण मी त्यांना नीट पाहिलंय." पुढे तिचे लग्न दुसरीकडे झाले. आता भडगावात तिची स्वतःची लॅब आहे.

आता स्मरणिकेतील त्या तीन शब्दांकडे येतो. 'ऑपरेटरच्या हातून' इथपर्यंत लिहून आबा थांबले असते तर मी पदावरून भांडलो असतो आणि सोडून दिले असते. पण त्यांनी 'अथवा अन्य कुणाच्या' असे जोडले. मी विचारणा केली तेव्हा, "तुमच्यावर थेट येऊ नये म्हणून लिहिलं, नाना," असे ते म्हणाले. माझ्यावर येऊ नये म्हणून त्यांनी दार किलकिले ठेवले, आणि त्या फटीतून जुनी हकीकत पुन्हा आत शिरली. स्मरणिका मनीषाच्या सासरी पोहोचली. तिच्या सासूबाईंनी ते वाक्य वाचून तिला विचारले, "हे तुमचंच का गं? तो फोटो कोणी बदलला होता मग?" इतक्या वर्षांनी. तिने त्याच दिवशी मला फोन केला.

"नाना, लिहा. नाव घालून लिहा. माझंही आणि तुमचंही."

म्हणून हा लेख. फोटो कुणीही बदलला नव्हता. मनीषाच्या घरच्यांनी दिलेला फोटो पहिल्या दिवसापासून तिचाच होता. मूळ अर्ज माझ्या कपाटात आहे, रफिकभाईंच्याच निळ्या कपाटात, आणि कुणालाही येऊन पाहता येईल. सुमनअक्कांचे डोळे उत्तम होते. चूक माझी होती, संपूर्ण माझी, आणि आबांनी किंवा अन्य कुणी तिच्यात वाटा मागू नये.

हा मजकूर छापायला देण्यापूर्वी मी भडगावला जाऊन तो मनीषाला वाचून दाखवला. तिने एक-दोन ठिकाणी मान हलवली, चष्म्याच्या जागी हसली. मग म्हणाली, "आलाच आहात तर साखर तपासून जा."

मी बाही वर केली. तिने रक्त घेतले, बाटली भरली, बूच लावले. त्यावर काहीही लिहिलेले नव्हते. मग तिने पेन उचलले.

"नाव सांगा."

"माझे नाव तुला ठाऊक नाही?"

"विचारून लिहायचं असतं, नाना. पूर्ण सांगा."

मी पूर्ण सांगितले. माझे, वडिलांचे, आडनावासह. तिने माझ्यासमोर लिहिले आणि बाटली माझ्या हातात दिली. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि वाचले. बरोबर होते.